लॉरेन्सचा गिरणी वॉक, १९१२ च्या संपातली पोरं आणि परळहून सुटलेली रात्रीची एसटी

परवा शनिवारी लेकीला घेऊन लॉरेन्सला जाऊन आले. मॅसॅच्युसेट्समधलं गिरण्यांचं जुनं शहर आहे, बॉस्टनच्या उत्तरेला, मेरिमॅक नदीच्या काठी, आमच्या घरापासून गाडीने पाऊण तास. तिथे काही स्थानिक मंडळी मिळून १९१२ च्या गिरणी संपाचा पायी फिरवणारा टूर करतात, अडीच तासांचा, माणशी १५ डॉलर, बारा वर्षांखालच्यांना फुकट. मराठीत याबद्दल कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही आणि या भागात आपली माणसं भरपूर राहतात, म्हणून सविस्तर लिहितेय. पाचपैकी चार तारे देईन. एक तारा का कापला ते पुढे येईल.

आधी एक सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी लालबागची, चाळीतली, बाबा मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते, दुसरीत. डॉक्टर दत्ता सामंतांचा संप, अडीच लाख माणसं, साठेक गिरण्या. तो संप मागे घेतला असं आजपर्यंत कोणी म्हटलेलं नाही, नुसता विरत गेला. त्यामुळे गिरणीचा संप म्हटलं की माझे कान आपोआप टवकारतात, मग तो कुठल्याही देशातला असो.

आमची गाईड साठीच्या पुढची एक बाई होती, आजोबा इटलीहून आलेले, ते आणि त्यांच्या दोन बहिणी इथल्याच गिरणीत. ग्रुप बारा जणांचा. सुरुवात शहराच्या मधल्या मोठ्या मैदानापासून होते, तिथे संपाचं स्मारक आहे, २०१२ मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा उभारलेलं. मग खाली कालव्याच्या बाजूने गिरण्यांकडे, परत मैदानावर आणि शेवटी पूल ओलांडून नदीच्या पलीकडच्या एयर मिलच्या घड्याळापर्यंत. ते घड्याळ बघून मी थांबलेच. तबकडी साडेबावीस फुटांची, लंडनच्या बिग बेनच्या तबकडीपेक्षा थोडीशीच लहान, चारी बाजूंना चार, शहरात कुठेही उभे राहा दिसतं. आमच्याकडे भोंगा होता, इथे घड्याळ. भोंगा झाला की आई बाबांच्या डब्यावर झाकण दाबायची तो आवाज माझ्या कानात अजून आहे, आणि ही बाई सांगत होती की तिच्या आजोबांना म्हातारपणी सुद्धा त्या घड्याळाकडे पाठ करून बसायची सवय होती.

टूरचा पहिला तास फार सुंदर आहे, मनापासून सांगते. संप का झाला हे इतकं सोपं करून मी कुठेच ऐकलं नव्हतं. १ जानेवारी १९१२ पासून राज्याने कायदा केला की बायका आणि अठराच्या आतली मुलं आठवड्याला ५६ ऐवजी ५४ तासच काम करतील. कायदा चांगलाच की. पण मालकांनी तास कमी केले तसा पगारही कापला, आणि यंत्रांचा वेग वाढवला तो वेगळा. कापलेली रक्कम साधारण ३२ सेंट. सरासरी मजुरी आठवड्याला पावणेनऊ डॉलर असताना ३२ सेंट म्हणजे घरातले तीन-चार पाव. गाईडने पिशवीतून खरोखर चार पाव काढून कठड्यावर मांडले आणि म्हणाली एवढंच होतं, ह्यासाठी वीस हजारांच्या वर माणसं थंडीत रस्त्यावर उतरली. ११ जानेवारीला एव्हरेट मिलमधल्या पोलिश बायकांनी पगाराची पाकिटं उघडली, पैसे मोजले, कमी भरले आणि साचे बंद करून त्या सरळ बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी संप आगीसारखा सगळीकडे पसरला. तीन-चार दिवसांत गिरण्यांच्या पुलावर संपकऱ्यांवर पाण्याचे पाईप सोडले, जानेवारीत, जिथे नदीचं पाणी गोठतं तिथे. ती ज्या पुलावर उभी राहून हे सांगत होती तिथे त्या दिवशी छान ऊन होतं, खाली पाणी वाहत होतं, तरी लेकीने हात जॅकेटच्या खिशात घातले.

आणि माणसं कुठली कुठली, इटालियन, पोलिश, लिथुआनियन, सिरियन, बेल्जियमची, फ्रेंच बोलणारी कॅनडाची, ज्यू. पंचवीसच्या आसपास भाषा. सभेत एक भाषण झालं की ते एकामागून एक भाषांत सांगायचं, कमिटीत प्रत्येक जमातीची माणसं. मालकांना वाटलं होतं की ही आज बोटीतून उतरलेली, एकमेकांची भाषा न कळणारी माणसं काय एकत्र येणार. आमच्या गिरणगावात निदान सगळे मराठी किंवा यूपीचे होते, एकमेकांशी भांडायला तरी भाषा होती, इथे ती पण नाही, तरी नऊ आठवडे टिकले. मला हे ऐकून खरंच अंगावर काटा आला. आम्हीही बाहेरून इथे येऊन राहिलेलोच, आमच्या गल्लीत सात देशांची घरं आहेत आणि कचऱ्याच्या डब्यांच्या वारावरून आमचं एकमत होत नाही.

आता पोरांबद्दल, कारण मी त्यासाठीच गेले होते.

तेव्हा गिरणीत कामाला लागायचं कायदेशीर वय होतं १४. कागदावर. कॅमेला तिओली नावाची इटालियन मुलगी, तिच्या वडिलांना एक माणूस येऊन विचारतो की पोरगी कामावर का जात नाही, ते म्हणतात ती १३ ची की १४ ची आम्हाला धड माहीत नाही, तो म्हणतो मला ४ डॉलर द्या, मी गावाकडून कागद आणून देतो, त्यावर १४ लिहिलेलं असेल. वडिलांनी ४ डॉलर दिले, महिन्याभरात कागद आला, पोरगी गिरणीत. पहिल्या दोन आठवड्यांतच तिचे केस यंत्रात गेले आणि डोक्याची कातडी निघाली. सात महिने हॉस्पिटल. कंपनीने हॉस्पिटलचं बिल भरलं पण त्या सात महिन्यांचा पगार एक पैसा नाही. हे सगळं तिने स्वतः मार्च १९१२ मध्ये वॉशिंग्टनला, काँग्रेसच्या म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे सांगितलं, समोर राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांची बायको बसलेली. संपावर का गेलीस असं विचारलं तर म्हणाली, घरी पुरेसं खायला मिळत नव्हतं.

गाईडने हे सांगताना आवाज अजिबात चढवला नाही, साधं, शेजारणीबद्दल सांगावं तसं. त्यासाठी तिला शंभर मार्क. माझी लेक तेरा वर्षांची आहे, केस कमरेपर्यंत, रोज सकाळी मी वेणी घालते. तिने काही न बोलता वेणी पुढे घेतली आणि मुठीत धरून ठेवली, मग पुढची पंधरा मिनिटं ती तशीच चालत होती.

ह्याच ठिकाणी गाईडने आणखी एक गोष्ट सांगितली, ती संपाबद्दल वाचलेल्या लोकांनाही कदाचित माहीत नसेल. कॅमेला गेल्यानंतर काही वर्षांनी, १९७० च्या दशकात, एक पत्रकार तिच्या मुलीला भेटायला लॉरेन्सला आला. त्या मुलीला काहीच माहिती नव्हती. आपली आई वॉशिंग्टनला साक्ष देऊन आली, देशभरच्या पेपरात तिचं नाव आलं, त्यातलं काही नाही. ती रोज आईचे केस विंचरायची, डोक्यावर जिथे केस नव्हते तो भाग झाकला जाईल असा अंबाडा बांधून द्यायची, रोज, आणि का ते तिला ठाऊक नव्हतं. संपानंतर शहराने हा विषयच मिटवून टाकला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देव आणि देश म्हणत मोठी मिरवणूक काढली, संपवाले म्हणजे बाहेरून आलेले नास्तिक असं ठरवून टाकलं, आणि घराघरात लोक गप्प बसले. नोकरी जाईल, लाज वाटेल, पोरांना त्रास होईल, काहीही कारण असेल.

मला बाबा आठवले. त्यांनी संपाबद्दल आम्हा भावंडांशी मरेपर्यंत एक वाक्य बोललं नाही. नंतर ते भायखळ्याला एका गोदामात वॉचमन झाले, रात्रपाळी तीच, पगार अर्धा. टीव्हीवर गिरण्यांच्या जागी टॉवर दाखवले की उठून गॅलरीत जायचे. आम्ही विचारलंही नाही. घरात एक पत्र्याची पेटी होती, त्यात मिलचा पास होता, फोटो लावलेला, ते गेल्यावर आईने तो काढला तेव्हा मी पहिल्यांदा बघितला. पासवर बाबांचे केस काळेभोर.

असो, टूरकडे येते.

आता तो कापलेला तारा. संपात एक मोठी गोष्ट झाली ती म्हणजे पोरांना शहराबाहेर पाठवणं. इटली, फ्रान्स, बेल्जियममध्ये संप लांबला की पोरं दुसऱ्या गावच्या कामगारांकडे पाठवायची रीत होती, इथल्या इटालियन लोकांनी ती काढली. हिशोब सरळ आहे, घरात खाणारी तोंडं कमी झाली की आईबाप जास्त दिवस टिकतात. १० फेब्रुवारी १९१२ ला ११९ पोरं ट्रेनने न्यूयॉर्कला गेली. पुढे संततिनियमनासाठी लढलेली मार्गारेट सँगर तेव्हा नर्स होती, ती बरोबर होती, आणि तिने नंतर समितीपुढे सांगितलं की ११९ पोरांपैकी फक्त चौघांच्या अंगात आतले कपडे होते. आईबाप लोकरीच्या गिरणीत, अख्ख्या अमेरिकेला गरम कपडा विणून देणारे, आणि फेब्रुवारीत पोरांच्या अंगात आत काही नाही. न्यूयॉर्कच्या स्टेशनवर हजारो लोक पोरांना घ्यायला आले होते, गाणी, बॅनर, खांद्यावर उचलून नेलं. १७ फेब्रुवारीला दुसरी खेप, शंभरेक न्यूयॉर्कला, ३५ व्हर्मांटमधल्या बॅरीला, तिथल्या दगड फोडणाऱ्या इटालियन कामगारांकडे.

हा भाग गाईडने जवळपास सहलीसारखा सांगितला. पोरांना नवे कोट मिळाले, खेळणी मिळाली, पोटभर जेवण, काहींना परत यायचंच नव्हतं म्हणे, आणि ग्रुपमधले लोक हसले. मग पाच मिनिटांत पुढे. मला तिथे थांबावंसं वाटत होतं आणि थांबायला मिळालं नाही.

कारण मी त्या गाडीत बसलेय. म्हणजे ती गाडी नाही, एसटी, परळ डेपोतून रात्रीची, कणकवलीला जाणारी. १९८२ चा एप्रिल, संपाला तीन महिने होत आले होते. बाबा आधी म्हणायचे महिन्याभरात मिटेल, मग म्हणायचे होळीपर्यंत. वाण्याने उधारी बंद केली. आईच्या मंगळसूत्राच्या वाट्या गेल्या, गळ्यात नुसते काळे मणी, आणि ती पदर असा घ्यायची की दिसू नये. एक दिवस संध्याकाळी आईने माझी दोन फ्रॉकं कापडी पिशवीत भरली, मामाचा पत्ता वहीच्या कागदावर लिहिला, घडी घातली आणि फ्रॉकच्या आतल्या बाजूने, छातीपाशी, सेफ्टीपिनने टाचला. म्हणाली हा काढायचा नाही, झोपलीस तरी नाही. शेजारच्या काकू गावी चालल्या होत्या, त्यांच्या ताब्यात दिलं मला. धाकटा भाऊ अडीच वर्षांचा, तो आईजवळ राहिला. एसटी पनवेलच्या पुढे गेल्यावर पिन उघडून टोचायला लागली, पण काढायची नाही म्हणाली होती म्हणून मी सकाळपर्यंत तशीच हात धरून बसले.

लॉरेन्सच्या पोरांच्या कपड्यांनाही अशाच नाव, वय, पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या टाचल्या होत्या. गाईडने हे एका वाक्यात सांगितलं, मला मात्र त्या एका वाक्यासाठी पुढची दहा मिनिटं बाकी काही ऐकूच आलं नाही.

मामाकडे मला सकाळी गरम पेज मिळायची, दुपारी भात, कुळथाची पिठी, कधी बांगडा. मी जेवायचे आणि जेवता जेवता मध्येच घास अडकायचा, भाऊ आता काय खात असेल. मामी म्हणायची जेव बाय, तुझ्या नशिबाचं आहे. सगळ्यांना वाटायचं पोरगी खूश आहे, गालावर तजेला आला. मी खूशसुद्धा होते हेच तर कठीण आहे सांगायला. आंब्याच्या बागेत खेळायचे, आणि रात्री वाटायचं की मला का पाठवलं, मी जास्त खायचे म्हणून का. हा प्रश्न मी आईला कधीच विचारला नाही. दोन वर्षं राहिले तिथे, तिसरी आणि चौथी गावच्या शाळेत. म्हणून मला त्या टूरमध्ये पाहिजे होतं की न्यूयॉर्कच्या उबदार घरात नवा कोट घालून झोपलेल्या एखाद्या सात-आठ वर्षांच्या पोराला पहिल्या रात्री काय वाटलं असेल याचा विचार करायला निदान दोन मिनिटं द्यावीत. भाषा तिसरीच, आई नाही, आणि घरी भाऊ उपाशी. मजा झाली एवढंच सांगून पुढे जाऊ नये.

त्यानंतर २४ फेब्रुवारीचा प्रसंग. दोन खेपा गेल्यावर देशभर बोभाटा झाला आणि लॉरेन्सची बदनामी होतेय म्हणून शहराच्या पोलीसप्रमुखाने हुकूम काढला की आता एकही पोर बाहेर जाणार नाही. तरी त्या सकाळी फिलाडेल्फियाला जायला आया पोरांना घेऊन स्टेशनवर आल्या. पोलिसांनी स्टेशन वेढलं, गाडीकडे जाणाऱ्या बायकांना लाठ्यांनी मारलं, पोरांना आयांपासून ओढून काढलं, ट्रकमध्ये कोंबून नेलं. इथेच संपाचं पारडं फिरलं. वर्तमानपत्रांत आलं, वॉशिंग्टनमध्ये चौकशी बसली आणि कॅमेलाची साक्ष तिथेच झाली. म्हणजे सैन्य, बंदुका, अटक ह्यातून जे झालं नाही ते पोरांवर हात टाकल्यामुळे झालं. इतका महत्त्वाचा प्रसंग आणि तो आम्हाला पुलावरून हाताने दिशा दाखवून सांगितला, तिकडे कुठेतरी स्टेशन होतं म्हणून. चालून चालून सगळे दमले होते हे मान्य, पण मग आधीची वीस मिनिटं टर्बाइन आणि कालव्याच्या झडपांवर घालवायला नको होती. नदीवरचं दगडी धरण, पाण्याच्या जोरावर यंत्रं कशी चालायची, हे इंजिनिअर लोकांना आवडेल, आमच्या ग्रुपमधले दोन आजोबा अगदी रमले होते, पण पोरं सोबत असतील तर सांगून ठेवा की हा भाग आवरता घ्या.

अजून दोन तक्रारी. कानात घालायचं यंत्र देतात ते सतत खरखरतं, रस्त्यावर गाड्या असल्या की निम्मं कळत नाही, मी शेवटी काढून गाईडच्या बाजूने चालले. आणि वाटेत टॉयलेट एकच, तेही सुरुवातीला, त्यामुळे पोरांना आधीच नेऊन आणा.

चांगल्या बाजूला एक मोठी गोष्ट म्हणजे गाईड मेलेल्यांची नावं घेते. ॲना लोपिझो, २९ जानेवारीला मोर्चात गोळी लागून गेली. दुसऱ्या दिवशी जॉन रेमी, जेमतेम अठराच्या आसपासचा सिरियन पोरगा, सैनिकाची संगीन लागली. ॲनाच्या खुनाबद्दल पुढाऱ्यांनाच पकडलं, एटर आणि जोव्हानित्ती, दोघं त्या जागेपासून दोन मैल लांब होते तरी, आणि नोव्हेंबरमध्ये सुटले. ती दोन्ही नावं घेताना गाईड एका दगडाजवळ थांबली आणि आम्हाला सगळ्यांना टोप्या काढायला सांगितल्या. एक टीनएजर मुलगा मागे फोन बघत होता, त्याने पण काढली. शिवाय तिने डॉक्टर एलिझाबेथ शेपली यांचा आकडा सांगितला, याच शहरात दवाखाना चालवायच्या त्या, की गिरणीत काम करणाऱ्या १०० पैकी ३६ जण पंचविशीच्या आत मरायचे. आकडे सहसा डोक्यावरून जातात, पण तिने ग्रुपमधल्या बारा जणांतून चौघांना एक पाऊल मागे यायला सांगितलं. मागे आलेल्यांत माझी लेक होती.

मार्चमध्ये मालक वाकले. १४ मार्चला ह्याच मैदानावर हजारोंनी हात वर करून संप मागे घेतला, पगारवाढ मिळाली, ज्यांचा पगार सगळ्यात कमी त्यांना टक्केवारीत सगळ्यात जास्त, आणि शेजारच्या राज्यांतल्या गिरण्यांनीही घाबरून पगार वाढवले. ३० मार्चला पोरं परत आली. गाईडने परतीच्या मिरवणुकीचा जुना फोटो दाखवला तेव्हा लेकीने मला हळूच विचारलं, आई, तुला न्यायला कोण आलं होतं? तिला माझी गोष्ट अर्धीमुर्धी माहीत होती, गावी राहायला होते एवढीच. मी म्हटलं बाबा आले होते, पण मिरवणूक नव्हती, संपही मिटला नव्हता, ते एकटेच एसटीतून उतरले आणि मी त्यांना लगेच ओळखलं नाही, इतके वाळले होते. मग आम्ही दोघी मैदानाच्या बाकावर बसलो आणि मी तिला सगळं सांगितलं, पिनेपासून. ग्रुप पुढे गेला. शेवटचा एयर मिलचा भाग म्हणूनच आम्ही घाईत, पळत पळत गाठला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

टूर संपल्यावर मी गाईडला थांबवून सांगितलं की बाई, न्यूयॉर्कची गोष्ट तुम्ही फार भरभर सांगता, आणि का ते पण सांगितलं. वाटलं होतं हसून थँक्यू म्हणेल. तिने खिशातून छोटी वही काढली, माझ्याकडून मुंबई, १९८२, अडीच लाख असं लिहून घेतलं, सेफ्टीपिन हा शब्दही लिहून घेतला. मग म्हणाली की तिच्या आजोबांची बहीण त्या ११९ मध्ये होती, आणि घरात तिच्याबद्दल नेहमी कोटाचीच गोष्ट सांगितली गेली, बाकी कोणी काही सांगितलं नाही, म्हणून ती पण तेवढंच सांगते. तारा मी तरी कापलाच, पण त्या बाईबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं. गाडी नसेल तर बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकल मिळते, तासाभराचा प्रवास, उतरून चालत जाता येतं. जॅक्सन स्ट्रीटवर हेरिटेज स्टेट पार्कचं केंद्र आहे, गिरणी कामगारांच्या जुन्या बोर्डिंग हाऊसमध्ये, प्रवेश फुकट, टूरच्या आधी ते बघून घ्या म्हणजे नंतर गाईड काय सांगते ते नीट बसतं, उघडायच्या वेळा मात्र तपासून जा. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, मैदानावर संपाच्या आठवणीत जत्रेसारखा कार्यक्रम असतो, गाणी, खाणं, सगळं. आता शहरात डॉमिनिकन आणि प्वेर्तो रिकन लोक जास्त, गिरण्या गेल्या पण नव्याने आलेली माणसं आहेतच. एसेक्स स्ट्रीटच्या बाजूला एका छोट्या डॉमिनिकन खानावळीत जेवलो, काउंटरमागे मावशी, पातेल्यात लाल घेवड्याची उसळ आणि भात, बाजूला कच्च्या केळ्याचे तळलेले काप, ८ डॉलरात दोघींचं पोट भरलं. उसळ खाताना लेक म्हणाली आज्जीच्या राजम्यासारखी आहे, आणि खरंच होती, फक्त कोकम नव्हतं. मावशीचा मुलगा कोपऱ्यात गृहपाठ करत बसला होता, मध्येच उठून ऑर्डर इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये सांगायचा.

घरी आल्यावर मी डोंबिवलीला आईला फोन लावला. तिकडे सकाळ होती. शेवटी विचारलं, इतक्या वर्षांनी, मला का पाठवलंस, भावाला का नाही. ती बराच वेळ बोलली नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, तो अजून अंगावर पीत होता गं, तेवढं एकच तर होतं माझ्याकडे द्यायला फुकटचं, तुला काय देणार होते.

आई पुढच्या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी येतेय. तिला पाऊण तासाच्या वर चालवत नाही, म्हणून टूरवाल्यांना लिहून विचारलंय की व्हीलचेअर घेऊन कालव्याच्या बाजूने जाता येईल का आणि मैदानाचा भाग आधी घेता येईल का. अजून उत्तर आलेलं नाही.